तिसरी पायरी

नकाशावर मी लिहिलं होतं, ‘सिट-आउट, आठ बाय सहा’.
भाऊगोंडा मगदुमांनी चष्मा कपाळावर सारला,
कागदाला नाक लावलं.
‘हे काय लिवलायसा?’
बसायची जागा, दारापुढची.
‘मग सोपा म्हणा की. सोपा शब्द हाय.’

मी देवरुखचा. आमच्याकडे ओटी, तिच्या कडेनं पडवी,
पुढं शेणानं सारवलेलं खळं.
आंबा घाट चढून सांगलीत नोकरीला आलो
तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाला विचारलं, खळं केवढं ठेवू?
तो म्हणाला, मळणी आम्ही शेतात करतो, दारात नाही.
तेव्हापासून मी इंग्रजीत लिहितो.
ती कुणाच्याच दारातली नाही,
त्यामुळे भांडण होत नाही.

पण समडोळीत प्रश्न नावाचा नव्हता.
वारणेचं पाणी शाळेच्या भिंतीवर रेघ सोडून गेलंय
साडेसहा फुटांवर.
मगदूम म्हणाले, जोतं सात फूट घ्या, इंचभर कमी नको.
घेतलं. चौदा पायऱ्या आल्या.
संगणकाच्या पडद्यावर घर उभं राहिलं
धोतर वर खोचलेल्या म्हाताऱ्यासारखं,
ओल चुकवत.

माणूस दीड फुटावर बसतो.
आम्हाला हे कॉलेजात शिकवलं,
गावच्या कट्ट्यांना न शिकता येत होतं.
पाणी येतं साडेसहा फुटांवर.
मधले पाच फूट कुणाचे
ते पुस्तकात नव्हतं.

सुमतीबाई चहा घेऊन आल्या,
नकाशा त्यांनी उभ्यानंच बघितला.
‘हळदीच्या रानातनं आल्याली बाई
घोटभर पाण्यासाठी चौदा पायऱ्या चढंल व्हय?
खालनं वरडंल.
मी काय वरनं वतू?’

जुन्या घराच्या भिंती पाडल्या होत्या, जोतं तेवढं शिल्लक.
त्याच्या कडेला ऐवळे गवंडी उभ्यानं तंबाखू मळत होता.
मला हळूच म्हणाला,
‘सोपा सोपा काय करत बसलाय सायेब,
माझा बा चाळीस वर्सं ह्या घरी कामाला.
सोप्यावर बसला न्हाई कधी.
त्यो बसायचा त्या दगडावर.’
दगड पायरीच्या डावीकडे होता. खाली.
वरून गुळगुळीत.
ओटी, पडवी, ओसरी, देवडी, सज्जा,
मला येणाऱ्या सगळ्या शब्दांत
त्याच्यासाठी एकही नव्हता.

रात्री ऑफिसात एकटाच बसून
मी तिसरी पायरी धरली आणि ओढली.
दहा इंचांची चार फूट झाली,
जिन्याच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली,
घराच्या पूर्ण रुंदीला लागली.
तिसरी, म्हणजे जमिनीपासून बरोबर दीड फूट.

‘ही तर पाण्यात जाणार,’ भाऊगोंडा म्हणाले.
‘जाऊ दे,’ सुमतीबाई म्हणाल्या,
‘पाणी आलं तर तेबी बसंल घटकाभर.’

काँक्रीट सुकल्यावर पहिल्यांदा त्यावर ऐवळे बसला.
हातात लेव्हलची नळी होती,
ढाळ बघतोय असं दाखवत होता.
फार वेळ बघत होता.
मगदूम वरून उतरले, काही बोलले नाहीत,
दोन हात अंतर ठेवून टेकले.
दोन हात होतेच. मी मोजमापाचा माणूस,
मला दिसतात.

शेवटचा नकाशा काढताना मी फोन केला.
ह्या जागेला काय लिहू?
‘काय बी लिवू नका,’ सुमतीबाई म्हणाल्या,
‘लिवलं की घरपट्टी लागंल.’

म्हणून तिथं नुसता चौकोन आहे, लांबट, कोरा.
ग्रामपंचायतीत कुणीतरी लाल पेन्सिलीनं
त्याच्यात प्रश्नचिन्ह काढलंय.
मी ते खोडलेलं नाही.